तालवादकाची अनुपस्थिती

उदय हावळ हा मराठी रॉक संगीताचा युगपुरुष होता. हे विधान माझं आहे, छापील आहे आणि आजवर कुणी खोडून काढलेलं नाही. मराठी रॉक संगीतात त्या काळी दुसरं कुणी नव्हतंच, हे त्याचं एक कारण. ते युग एकूण एकोणीस महिने चाललं, हे दुसरं.

युगपुरुषाच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या आदल्या सकाळी मी घरात पुस्तकांचे गठ्ठे सोडत बसलो होतो. पुस्तक माझंच. ‘यंत्रनाद आणि विद्रोह : उदय हावळच्या संगीताची मीमांसा’. मी तेव्हा इचलकरंजीतल्या एका कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकाचं प्रकाशन होतं.

“सर, हाय का येळ?”

दारात शीतल चौगुले उभा. शीतल हे आमच्या भागात पुरुषाचं नाव आहे. हा शीतल जॉबर होता, म्हणजे यंत्रमाग बिघडला की दुरुस्त करणारा. बुटका, बोटांत कायमचं मुरलेलं वंगण, आणि बोलणं नको तेवढं मोठ्यानं. त्यात त्याचा दोष नव्हता. मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेली माणसं कानगोष्टसुद्धा ओरडून सांगतात.

“या, या. पुस्तक बघायला आलात?”

“पुस्तकाचंच बोलायचं हुतं. आमच्या पोरीनं वाचलं की ओ.”

“अजून प्रकाशित व्हायचंय ते!”

“दिवाळी अंकात आलतं नव्हं तुमचं, त्ये. तिसरीत हाय पोरगी. अक्षरं लावून लावून वाचलं तिनं आन मला म्हणाली, पप्पा, तुम्ही खोटं बोलता.”

“काय खोटं?”

“मी ड्रम वाजवला म्हणून.”

मी हातातली प्रत खाली ठेवली. त्या दिवाळी अंकातल्या लेखावरच पुस्तक उभं होतं आणि लेख एका वाक्यावर उभा होता. ‘हावळने मानवी तालवादक जाणीवपूर्वक नाकारला आणि यंत्रमागालाच तालाच्या सिंहासनावर बसवले.’ हे वाक्य पुण्यात फार गाजलं. तिथले नामवंत समीक्षक डॉ. मिलिंद उकिडवे यांनी ते तीन व्याख्यानांत सांगितलं, त्यांतल्या एकात तर माझ्या नावासकट.

“नाकारला कशाचा?” शीतल म्हणाला. “मी हुतो की तितं.”

आता थोडं हावळबद्दल सांगायला हवं. तो कोष्ट्याचा पोरगा. बापाचे चार माग होते, ते त्यानं गिटारीपायी घालवले असं गाव म्हणायचं. बापानं आधीच घालवले होते, पण गावाला गिटार जास्त पटली. माणूस अत्यंत वाईट होता, याबद्दल गावात एकमत होतं आणि अजून आहे. गणपतीत गाताना मंडळाच्या अध्यक्षाला त्यानं माइकवरून “ए, खाली बस की, गाणं चाललंय” असं सांगितलं होतं आणि नंतर त्याच अध्यक्षाच्या नव्याकोऱ्या मोटारसायकलवर गिटार आपटली होती. बायको वर्षात माहेरी गेली. मित्र त्याआधीच गेले होते. चौतिसाव्या वर्षी त्याला कावीळ झाली. डॉक्टरांनी दारू सोडायला सांगितलं, तर त्यानं डॉक्टर सोडला.

पण गायचा. ‘तिसरी पाळी’ नावाची त्याची एकच कॅसेट निघाली आणि तिच्यातल्या शेवटच्या गाण्यात तो खर्जातून एकदम वर चढून म्हणतो :

‘तुझ्या उशीचा अभ्रा मी विणला,
आता म्हणतोस, आवाज कमी कर!’

हे ऐकताना माझ्या अंगावर पहिल्यांदा काटा आला तो पुण्यात, मेव्हण्याकडे. सदाशिव पेठेत दुपारी दोनला. तिथं दुपारी दोनला काय शांतता असते ते सांगायला नको. त्या शांततेत मला गाण्यामागचा तो खट्‌-खटक-खट्‌ ऐकू आला, आणि मी ओळखलं, माग! या माणसानं तालाला माग घेतलेत! त्याआधी इचलकरंजीत ती कॅसेट मी वीसदा ऐकली होती, पण आमच्या गावात बाहेर माग चालूच असतात, त्यामुळे कॅसेटमधले ऐकू येत नाहीत. मेव्हण्याचा चहा निवेपर्यंत माझी मीमांसा तयार झाली होती.

“हे बघा शीतल,” मी म्हणालो, “कॅसेटमध्ये माग आहेत, हे तरी मान्य?”

“हाईत की. का हाईत ते सांगू? भूपालशेठच्या मागखात्याच्या वरच्या खोलीत रेकॉर्डिंग केलं आम्ही. मशीन भाड्यानं आणलेलं, सहा दिवसांसाठी. उदय भूपालशेठला म्हणाला, सहा दिवस माग बंद ठेवा. शेठ म्हणाले, तुझ्या गाण्यापायी माझी पाळी बुडवू व्हय रं? उदयनं शिव्या घातल्या, शेठनं पोलीस आणला. शेवटी मीच म्हटलं, माग थांबत न्हाईत न्हवं, मग गाणंच मागाच्या चालीवर बसवू. खालचे चार माग चार तऱ्हेनं पळायचे. मी त्यांचे पट्टे आवळून-सैल करून एका चालीत आणले. मग वर येऊन त्याच चालीत वाजवलं.”

“कशावर वाजवलंत?”

“एक साइड ड्रम, एक झांज. आणि खळीचं रिकामं पिंप.”

सुताला लावायच्या खळीचं पत्र्याचं पिंप. ते मागासारखंच वाजणार, यात नवल नव्हतं. तरी मी शेवटचा पुरावा काढला. कॅसेटचं कव्हर माझ्याकडे होतं. त्यावर छापलं होतं, ‘गीत, संगीत, स्वर, गिटार आणि संकल्पना : उदय हावळ. साथ : इतर.’

“यात तुमचं नाव कुठं आहे?”

शीतलनं काळं बोट शेवटच्या शब्दावर ठेवलं. “हे इतर. मी.”

“म्हणजे नाव छापलं होतं,” आतून आमच्या सौभाग्यवतीचा आवाज आला. “तुम्हाला वाचता आलं नाही.”

मी विषय बदलला. “तुम्ही हावळला विचारलं नाहीत, नाव का नाही घातलं म्हणून?”

“विचारलं की. झांज फेकून मारली. ही बघा खूण.” त्यानं कपाळावरचे केस वर केले. “माणूस लई वंगाळ हुता, सर. पण गाया लागला की मी मार इसरायचो. त्या उशीच्या गाण्याला तर मी डोळं मिटून वाजवायचो. तरी एक ठोका चुकला न्हाई, तुम्ही परत ऐका.” मग त्यानं केस पुन्हा खाली सारले. “मला काय नको. शाल नको, नारळ नको. तुम्ही उद्या स्टेजवरनं एकदा म्हणा, ड्रम शीतल चौगुलेचा. बास. पोरगी म्होरं बसणार हाय.”

“पुस्तक तर छापून झालंय...”

“पुस्तकाचं न्हाई म्हणत मी. तोंडानं म्हणा.”

“शब्द देतो,” मी म्हणालो. मराठीच्या प्राध्यापकाकडे द्यायला दुसरं असतं काय!

तो गेल्यावर सौभाग्यवती पदराला हात पुसत बाहेर आली. “उद्या म्हणणार ना?”

“न म्हणायला काय झालं?”

“ते मला काय ठाऊक? तुम्हाला ठाऊक असेल.”

संध्याकाळी मी पुस्तक पुन्हा चाळलं. ते एक वाक्य काढलं तर बाकी काय उरतं ते बघत होतो. मुखपृष्ठ उरत होतं, अर्पणपत्रिका उरत होती आणि हावळचा एक फोटो. फोटोत मागे खळीचं पिंप दिसत होतं. त्यावर धरलेल्या दोन टिपऱ्यासुद्धा दिसत होत्या. माणूस तेवढा छपाईत कापला गेला होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता वाचनालयाचा हॉल भरला. जिवंतपणी हावळच्या कार्यक्रमाला एवढी माणसं कधी आली नव्हती, पण जिवंतपणी तो तिथं असायचा, हीच मोठी अडचण होती. स्मृती समितीचे अध्यक्ष भूपालशेठ, म्हणजे ज्यांनी पोलीस आणला तेच. हावळच्या फोटोला हार घालून ते गहिवरून म्हणाले, “उदयनं माझ्यावर एक अख्खं गाणं केलं हुतं. ‘शेठजीचं पोट’. गावात किती शेठ हाईत, पण गाणं कुणावर केलं? माझ्यावर! हे प्रेम हाय.”

टाळ्या पडल्या. मग शेठ म्हणाले, “आता आपण दोन मिनिटं शांतता पाळून उदयला श्रद्धांजली वाहू.”

सगळे उभे राहिले. आयुष्यभर ज्याला ‘आवाज कमी कर’ सांगून गाव दमलं, त्याच्यासाठी गाव गप्प उभं राहिलं. हॉलच्या दोन्ही बाजूंना मागखाती होती. खट्‌-खटक-खट्‌, खट्‌-खटक-खट्‌. पाऊण मिनिटानं माझ्या शेजारी उभे असलेले प्रमुख पाहुणे डॉ. उकिडवे माझ्या कानाशी आले.

“मुतालिक, हा आवाज कसला?”

“कसला आवाज?” मी विचारलं. पलीकडून भूपालशेठही वाकले. “कसला आवाज, सायेब?”

उकिडव्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि डोळे मिटले. नंतर त्यांनी एका लेखात लिहिलं, की इचलकरंजीची शांतताही विद्रोही आहे.

माझं भाषण पहिलं. पहिल्या रांगेत शीतल बसला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. शेजारी पोरगी, दोन वेण्या, मांडीवर तो दिवाळी अंक. पोरीचं नाव पद्मश्री. आमच्या गावातल्या कलावंताच्या घरात आलेली ती एकमेव. ती माझ्याकडे बघत होती, गणिताचं उत्तर मागच्या पानावर ताडून बघतात तशी.

मी हावळच्या आवाजावर बोललो, शब्दांवर बोललो, विद्रोहावर सात मिनिटं बोललो. मग तालावर आलो. शीतल जरा पुढं सरकला. मी पाण्याचा घोट घेतला. व्यासपीठावर उकिडवे माझ्या पुस्तकाच्या अकराव्या पानावर पेन्सिलीनं खूण करत होते. तेच पान, तेच वाक्य.

“आणि मित्रहो,” मी म्हणालो, “या निर्मितीमागे अनेक ज्ञात-अज्ञात हात होते. त्या सर्व हातांना मी वंदन करतो.”

खाली बसलो. शीतलनं आपल्या हातांकडे पाहिलं. ज्ञात की अज्ञात ते बघत असावा.

मग उकिडवे उठले. विद्वान माणूस. त्यांनी जर्मनीपासून सुरुवात केली आणि पंचवीस मिनिटांत इचलकरंजीला पोहोचले. “मुतालिकांनी दाखवून दिल्याप्रमाणे,” ते म्हणाले, “हावळ तालवादकाची हकालपट्टी करतो. माणूस काढतो, यंत्र बसवतो. ऐका.” आणि त्यांनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

उशीचं गाणं सुरू झालं. बाहेर माग चालूच होते. कॅसेटमधले माग बाहेरच्या मागांत विरघळून गेले, आणि हॉलमध्ये उरला फक्त ड्रम. स्वच्छ, ठाशीव, एकेक ठोका सुटा. मला पुण्यात जे ऐकू आलं होतं ते इथं ऐकूच येईना, आणि पुण्यात जे ऐकू आलं नव्हतं तेवढंच ऐकू येत होतं.

“ऐकलंत?” उकिडव्यांनी बोट वर केलं. “हे यंत्र!”

“यंत्र कशाचं, शीतल्या हाय ह्यो!” मागून कांड्या भरणारा एक कामगार ओरडला.

“व्हय, शीतल्याच!”

“शीतल्या, ऊठ की लेका!”

शीतल उठला. “सायेब, ते यंत्र न्हवं. मी हाय.”

हॉल हसला. शीतल हसला नाही. तो व्यासपीठावर चढला, भूपालशेठसमोरचं लोखंडी टेबल पुढं ओढलं, त्यावरचा फुलदाणीवाला टेबलक्लॉथ फुलदाणीसकट माझ्या मांडीवर ठेवला आणि बाहेरच्या मागांकडे कान दिला. क्षणभरच. मग त्याचे दोन्ही हात पत्र्यावर पडले.

मी संगीतातला जाणकार नाही. मीमांसा लिहायला ते लागत नाही. पण त्या दोन मिनिटांत बाहेरचे माग त्याच्या हातात आल्यासारखे झाले. ते पळत होते आणि हा त्यांना चालवत होता. टेपरेकॉर्डरवर हावळ वर चढला, ‘आता म्हणतोस, आवाज कमी कर’, आणि शीतलनं त्या ओळीखाली असा एक ठोका टाकला, की भूपालशेठचा चष्मा नाकावरून खाली पडला आणि तो उचलायचं शेठना भान राहिलं नाही. मेलेला माणूस गात होता आणि त्याला तोलून धरणारा माणूस समोर उभा होता. दोघांत कोण मोठा, हे त्या दोन मिनिटांपुरतं कुणालाही सांगता आलं असतं आणि कुणालाही सांगावंसं वाटलं नसतं. पद्मश्री खुर्चीवर उभी राहिली होती.

तो थांबला. हॉल उभा राहिला. उकिडव्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी, मी शेजारी होतो. त्यांनी शीतलचे दोन्ही काळे हात आपल्या हातांत घेतले आणि माइकजवळ जाऊन म्हणाले :

“अप्रतिम! अद्भुत! यंत्राचं इतकं हुबेहूब अनुकरण मी उभ्या आयुष्यात ऐकलं नाही!”

शीतलला पहिल्यांदा कळलं नाही. “अनुकरण न्हवं, सायेब. हे वाजवलेलं हाय मी. तवा. त्या कॅसेटीत. सरांना ठावं हाय. इचारा सरांना.”

उकिडवे माझ्याकडे वळले. “मुतालिक? तुम्ही मीमांसक. काय सत्य आहे?”

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी मांडीवरची फुलदाणी सावरून उठलो. अकरावं पान मला पाठ होतं. पद्मश्री खुर्चीवर उभीच होती, त्यामुळे तिचे डोळे बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत आले होते.

“हाही,” मी म्हणालो, “एक मतप्रवाह आहे.”

“वा!” उकिडवे म्हणाले. “हा खरा संशोधकाचा तटस्थपणा.”

भूपालशेठना प्रसंगावधान चांगलं होतं. उकिडव्यांसाठी आणलेल्या दोन शालींपैकी एक त्यांनी शीतलच्या खांद्यावर टाकली, हातात नारळ दिला आणि जाहीर केलं, “यंत्राचा आवाज हुबेहूब काढणारे आपल्या गावचे कलाकार शीतलराव यांचा सत्कार!” टाळ्या मघापेक्षा जास्त पडल्या. फोटोही निघाला. स्थानिक पेपरात तो आला, त्याखाली डावीकडून सगळ्यांची नावं होती आणि शेवटी ‘व इतर’ होते.

जिन्यात शीतल मला भेटला. पोरगी त्याचं बोट धरून. मी म्हणालो, “शीतल, तसं पाहिलं तर मी तुमची बाजू नोंदवली आहे.”

“व्हय,” तो म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा तो हळू आवाजात बोलला. “पर नारळ नको म्हटलं हुतं की, सर.” आणि नारळ माझ्या हातात देऊन खाली उतरला. शाल मात्र ठेवून घेतली, मागाचं वंगण पुसायला कामाला आली असं मागाहून कळलं.

घरी तो नारळ सौभाग्यवतीनं फोडला नाही. “ज्यानं मिळवला त्याच्या घरी द्या,” म्हणाली. तो कोनाड्यात आतून वाळला, हलवला की खडखड वाजायचा.

पुस्तकाला पुरस्कार मिळाला. दुसऱ्या आवृत्तीत मी शीतलला न्याय दिला. तळटीप क्रमांक सतरा : ‘काहींच्या मते प्रत्यक्ष तालवादक असावा. अधिक संशोधनाची गरज आहे.’ शीतलचं घर कॉलेजपासून चालत सहा मिनिटांवर होतं.

दहा-अकरा वर्षांनी आमच्या कॉलेजनं ‘लोकप्रिय संगीत आणि समाज’ असा एक ऐच्छिक पेपर सुरू केला. अभ्यासाला माझं पुस्तक, शिकवायला मी, प्रश्नपत्रिका काढायलाही मीच. पहिल्या चाचणीतला दुसरा प्रश्न होता, ‘हावळच्या संगीतातील तालवादकाच्या अनुपस्थितीचे महत्त्व विशद करा. (गुण ५)’

पद्मश्री शीतल चौगुले, रोल नंबर चौतीस, हिनं दोन ओळींत उत्तर लिहिलं होतं : ‘तालवादक अनुपस्थित नव्हते. आज सकाळी त्यांनीच मला परीक्षेला सोडले.’

उत्तर अपेक्षित मुद्द्यांना धरून नव्हतं. अक्षर चांगलं होतं, म्हणून मी पाचपैकी एक दिला.